खळीत बांधलेली भिंत

माझे काका वारले तेव्हा त्यांनी एकच सवय सोडली, जेवायला येण्याची. बाकी सगळं चालू होतं.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंद्याने बुकबाइंडर. फाटकी पुस्तकं, सुटलेल्या वह्या, पाठ मोडलेले शब्दकोश त्यांच्याकडे यायचे आणि ताठ मानेने परत जायचे. मावशी अजून त्याच घरात राहते. लाल विटांची चार मजली इमारत आहे, प्रत्येक खिडकीवर विटांचीच कमान. जिन्यात शिरलं की उन्हाळ्यातसुद्धा असं गार लागतं, की वाटावं कुणीतरी आपल्याआधी येऊन तिथली हवा वापरून गेलंय.

तिसऱ्या मजल्यावर मावशीचा दिवाणखाना, आणि दिवाणखान्यात ती भिंत.

लग्नानंतर काकांना कामासाठी वेगळी खोली हवी होती. दिवाणखाना ऐसपैस होता, मधे भिंत घातली की झालं. त्याच सुमारास गच्चीवरचं पडकं धुराडं उतरवलं होतं आणि त्याच्या विटा जिन्याखाली पडून होत्या. चांगल्या जुन्या विटा. प्रत्येकीच्या कडेवर भट्टीचा शिक्का, एक चिमुकला मासा. काकांनी त्या पिशवीतून वर आणल्या. गवंड्याला बोलवा, असं मावशी म्हणाली, तर म्हणाले, "गवंडी कशाला? भिंत म्हणजे काय, जाड पुस्तकच की."

आणि त्यांनी ती पुस्तकासारखीच बांधली. विटा आडव्या निजवल्या नाहीत. कपाटात पुस्तकं लावतात तशा उभ्या लावल्या, मासा बाहेर. सिमेंट आणलंच नाही. स्वयंपाकघरात पातेलंभर खळ शिजवली, मैद्याची, आणि कीड लागू नये म्हणून त्यात निळा मोरचूद टाकला, पुस्तकाच्या खळीत टाकतात तसा. ब्रशने विटेच्या दोन्ही अंगांना खळ लावायची, वीट बसवायची, वर फळी ठेवून फळीवर वजन ठेवायचं, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. एक रांग वाळली की पुढची. ही भिंत छतापर्यंत पोचली आणि उभी राहिली. ती का उभी राहिली हे मी कुठल्याही इंजिनिअरला विचारलेलं नाही. उगाच कुणाचा धीर कशाला खचवा?

त्या भिंतीमागे काकांनी जन्म काढला आणि तिथेच ते गेले, एका शब्दकोशाला कातडी पाठ चढवता चढवता.

पुढे काही आठवडे झाले असतील. दुपारच्या चहाला मावशीच्या लक्षात आलं, की वरच्या रांगेतली डावीकडची पहिली वीट बोटभर पुढे आली आहे. कपाटातून पुस्तक काढताना आपण आधी थोडं पुढे ओढतो, तेवढी. तिने स्टुलावर चढून हाताने आत ढकलली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची पुढे आली. मग तिच्या शेजारची. रांग संपली, दुसरी रांग सुरू झाली.

"तपासतायत," मावशी म्हणाली. "बांधून झालं की एकेक पान चाळून बघायचे ना, तसं."

"मावशी, घर बदलतेस का?"

"का? तुला काय त्रास देतायत ते?"

मला काही त्रास नव्हता. मी भित्रा नाही. मी फक्त त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही, आणि तोंड करूनही बसत नाही. त्यामुळे मावशीकडे गेलो की मला बाजूने बसावं लागतं, बसच्या आडव्या सीटवर बसल्यासारखं. भिंतीपलीकडून कधीकधी आवाज यायचा, काकांची घड्या दाबायची हाडाची पट्टी दुमडलेल्या कागदावरून ओढल्याचा, लांब आणि सावकाश. मग खळीचा ओला, आंबूस वास यायचा. मावशी बोलता बोलता थांबायची, वीट आत ढकलायची, "वाचून झालं की जागेवर ठेवावं माणसाने," म्हणायची आणि पुढे बोलायला लागायची. माझ्या कपातल्या चहावर तोवर साय धरलेली असायची.

तर असं सगळं सुखाने चाललं असताना इमारत पाडायची ठरली. एका बिल्डरने मालकाला गाठलं. तिथे काचेचा उंच टॉवर होणार होता. भाडेकरूंना लांब कुठेतरी नव्या खोल्या मिळणार होत्या.

मावशीने ते ऐकलं आणि भिंतीवर हात टेकला. 

"काडी," ती म्हणाली. मी लहानपणी काडीसारखा होतो, आता नाही, पण मावशीकडे सुधारणा लवकर नोंदल्या जात नाहीत. "मी इथून गेले तर हे मला शोधणार कुठे? यांना पत्ते लक्षात राहत नाहीत. जिवंतपणी घरचा पत्ता लिहायचा तर मला विचारायचे."

पत्त्यांचं मला काही करता येत नव्हतं. पण नोकरी होती. मी वारसा इमारतींच्या कचेरीत मोजमापं घेतो. जुनी इमारत वाचवण्याजोगी आहे का, हे ठरवतात आमच्या मॅडम. मी टेपचं दुसरं टोक धरतो. मॅडमनी वारशाचा दर्जा दिला की इमारतीला कुणी हात लावू शकत नाही. रहिवाशांनी अर्ज केला आणि मॅडम पाहणीला निघाल्या.

"तुझी मावशी राहते ना तिथे?" त्यांनी वाटेत विचारलं.

"हो."

"मग चहा मिळेल. बाकी काही मिळेल अशी आशा ठेवू नकोस."

इमारतीच्या दारातच भाडेकरू संघाचे सेक्रेटरी उभे होते. निवृत्त दंतवैद्य. इमारतीत सगळे त्यांना दातवाले म्हणतात. त्यांनी मॅडमना तळमजल्यापासून फिरवायला सुरुवात केली.

"पाया बघा. मुळं एकदम घट्ट आहेत."

"खिडक्या मूळच्या लाकडी असतील ना?"

"होत्या. किडल्या. काढून ॲल्युमिनिअमच्या बसवल्या," दातवाले अभिमानाने म्हणाले.

"आणि जिन्याच्या दगडी पायऱ्या?"

"त्यावर चकचकीत टाइल्स लावल्या. माझी कल्पना."

"गॅलऱ्यांचे कठडे?"

"उपटले."

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर मॅडम थांबल्या. "डॉक्टर, तुम्ही इमारतीत काही शिल्लक ठेवलंय का?"

"रंग नवा आहे," दातवाले म्हणाले.

मॅडमनी वही मिटली. मी त्यांना ओळखतो. वही मिटली की इमारत गेली. मावशी वर दारातच उभी होती, तिनेही ती मिटताना पाहिली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण तिने दाराची चौकट धरली.

"आत या, चहा टाकलाय," ती म्हणाली.

मॅडम आत आल्या, आणि भिंतीसमोर थबकल्या.

त्यांनी मग वही परत उघडली. मग चष्मा काढला, पुसला, घातला. "अरे," त्या मला म्हणाल्या, "ही बांधणी बघ. उभ्या विटा, सांध्यावर सांधा. मी असं कुठेच पाहिलेलं नाही."

"आम्ही रोज पाहतो," दातवाले म्हणाले.

"विटा त्याच भट्टीच्या, बाहेरच्या भिंतीत आहेत त्याच. म्हणजे मूळच्याच. आणि सांध्यातला हा निळसर रंग! चुन्यात तांब्याचं काहीतरी मिसळलेलं दिसतंय. वास कसला येतोय?"

"जुना," मावशी म्हणाली.

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या पायावर पाय ठेवला आणि सगळं वजन दिलं. मावशीचं वजन थोडंथोडकं नाही. मी तोंड मिटलं. टेपचं टोक धरणाऱ्याला मत नसतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि टेपचं टोक धरलं.

दर्जा मिळाला. पहिला दर्जा. पण भिंतीला. अहवालात मॅडमनी लिहिलं, की खिडक्या, जिना, गॅलऱ्या सगळं नासलेलं असल्यामुळे इमारतीला स्वतःचं मोल नाही. तिचं मोल सदर भिंतीचं संरक्षक आवरण म्हणून. मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती हसत सुटली. "म्हणजे अख्ख्या इमारतीचा पुठ्ठा केला की यांनी!" भिंतीपलीकडून पट्टीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

दर्जाबरोबर अटी आल्या. भिंतीतली एकही वीट जागची हलता कामा नये. मागच्या खोलीला कचेरीचं कुलूप, किल्ली मॅडमच्या टेबलात. दर सोमवारी कचेरीचा माणूस येऊन भिंत मोजणार. वीट हललेली आढळली तर दर्जा रद्द, आणि बिल्डरला रान मोकळं. कचेरीचा माणूस म्हणजे मी. मी दर सोमवारी जायचो, आधी वीट आत ढकलायचो, मग मोजायचो, आणि लिहायचो की सर्व ठीक. सगळे खूश होते. इमारत उभी होती, मावशी घरात होती, काका चौथ्या रांगेत होते.

मग एका सोमवारी मॅडम म्हणाल्या, "चल, मी पण येते. बरेच दिवस ती भिंत पाहिली नाही."

त्या माझ्या पुढे जिना चढल्या. वीट पुढे आलेली होती. चांगली बोटभर.

मॅडमनी टाचा उंचावून पाहिलं. कुलूप पाहिलं, शाबूत होतं. मग मावशीकडे वळल्या. "हे कुणी केलं?"

मावशी कुणाच्या पायावर पाय ठेवू शकते, पण तोंडावर खोटं बोलू शकत नाही. "यांनी," ती म्हणाली.

"यांनी म्हणजे?"

"माझ्या यजमानांनी."

"बोलवा त्यांना."

"ते आतच आहेत."

"आत? खोलीला आमचं कुलूप आहे."

"कुलपाचं त्यांना काही नसतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "वारलेत ते," मी म्हणालो. आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, बाकीचंही सांगून टाकलं. खळ, मोरचूद, धुराडं, सगळं. मॅडम खुर्चीत बसल्या. भिंतीकडे तोंड करून. मला त्यांचं कौतुक वाटलं.

"म्हणजे भिंत मूळची नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मला त्याच दिवशी मैद्याचा वास आला होता." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अरे, जी चूक कुणी वेळेवर दुरुस्त करत नाही तिलाच पुढे आपण वारसा म्हणतो. निम्मी कचेरी त्यावर चालते. त्याचं मी बघेन. पण वीट हललेली मी डोळ्यांनी पाहिली. नियमाने आता जो हलवतो त्याला नोटीस द्यायला हवी. त्याने ऐकलं तर दर्जा राहील, नाही ऐकलं तर माझा इलाज नाही." मग मावशीला, अगदी हळू आवाजात, "ते ऐकतील का हो?"

"कागदावर लिहून दिलेलं सगळं ऐकतात," मावशी म्हणाली.

ते खरं होतं. काकांएवढा कायद्याने चालणारा माणूस मी पाहिला नाही. बागेत 'गवतावर चालू नये' अशी पाटी असली तर ते गवताकडे बघतही नसत, उगाच गैरसमज नको म्हणून. कुठेही रांग दिसली की शेवटी जाऊन उभे राहायचे आणि मग चौकशी करायचे. एकदा तसेच एका अनोळखी माणसाच्या लग्नात नवरा-नवरीला शुभेच्छा देऊन आले होते.

मॅडमनी तिथेच नोटीस लिहिली, काकांच्या नावाने. कळवण्यात येते की आपण सदर भिंतीतील विटा हलवीत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी हे तात्काळ थांबवावे. भिंतीवर लावायला आमच्याकडे डिंक नव्हता. मावशीने वाटीत खळ करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून वीट हलली नाही.

दातवाले तर हर्षाने वेडे झाले. "भिंत ताळ्यावर आली! मी म्हणत होतो ना, जरा दम दिला पाहिजे." मी सोमवारी गेलो आणि प्रथमच खरोखर मोजलं. सगळ्या विटा एका रेषेत. पट्टीचा आवाज नाही. खळीचा वास रोज थोडा विरत गेला आणि मग मला आठवेना, की तो नेमका कसा होता. मी भिंतीकडे पाठ करून बसून पाहिलं. तोंड करून बसून पाहिलं. काही नाही. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. ती नुसती भिंत होती.

मावशी चहा करायची आणि कप हातात धरून भिंतीसमोर उभी राहायची. "अहो," म्हणायची. "रागावलात का?" मग थोड्या वेळाने, "निदान एक तरी." मग कप तसाच मोरीत ओतायची. तिची साडी सैल दिसायला लागली. दर वेळी मला विचारायची, "मोजलंस? केसभर तरी?" आणि मी, ज्याने इतके दिवस हललेल्या विटा न हललेल्या म्हणून लिहिल्या होत्या, तिला खोटंही सांगू शकत नव्हतो, कारण तिने स्वतः हात फिरवून पाहिलेलं असायचं.

एका दुपारी गेलो तर ती भिंतीसमोर स्टुलावर बसली होती. मधल्या रांगेतल्या एका विटेच्या चारी कडांना ओल्या फडक्याच्या चिंध्या खोचलेल्या होत्या आणि भिंतीवरून निळसर पाणी ओघळत होतं.

"मावशी! काय केलंस हे?"

"जुनी पाठ सोडवायची तर ओलं फडकं लावून ठेवायचं. खळ आपोआप सुटते. घाई करायची नाही. यांनीच शिकवलंय." तिने चिंध्या काढल्या. "माझी बोटं दुखतात. तू ओढ."

"दर्जा जाईल."

"जाऊ दे."

"इमारत जाईल!"

"दातवाले कवळी बसवतील."

"मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "काडी, मला हे घर कशाला हवं होतं? यांना मी सापडावी म्हणून. आता घर आहे, मी आहे, आणि मीच यांना शोधत बसलेय. मग हे घर वाचवून मी त्याचं काय करू? लोणचं?"

"नोटीस आहे भिंतीवर."

"नोटीस यांच्या नावाची आहे. त्यात माझं नाव दाखव."

मी दोनदा वाचली. नव्हतं.

मी विटेच्या कडांत नखं घातली आणि ओढलं. आधी काहीच झालं नाही. मग एक ओला, चिकट आवाज झाला आणि वीट पुढे आली, बोटभर, वीतभर, आणि हातात आली. वाटली त्यापेक्षा जड होती. तिच्या जागी उभी काळी फट राहिली. पलीकडची खोली, कित्येक महिने कुलपात असलेली. फटीतून गार हवा आली. मी मान दुसरीकडे वळवली.

"आता उलटी कर," मावशी म्हणाली.

"काय?"

"वीट उलटी कर. मासा पोट वर करून दिसला पाहिजे. आणि तशीच लाव परत." ती स्टुलावरून उठून माझ्या शेजारी आली. "पुस्तकात एक फर्मा, पानांचा एक जुडगा, उलटा लागला तर यांना झोप यायची नाही. गिऱ्हाइकाला कळलेलं नसलं तरी उठून सोडवायचे. नोटीस काय, तुरुंगात टाकलं तरी उलटं यांना बघवणार नाही."

"आणि नाही आले तर?"

तिने पदराने विटेच्या जागेवरचं पाणी टिपलं.

मी वीट उलटी केली आणि फटीत सरकवली. अर्धी आत गेली. मग अडकली. मी जोर लावला, जाईना. कुठे खळीचा गोळा राहिला असेल म्हणून बाहेर ओढली; येईना. खालच्या मजल्यावर दातवाल्यांचा रेडिओ बातम्या सांगत होता. मी दोन्ही हातांनी वीट धरून उभा होतो, आणि वीट माझ्या हातांतून हळूच, अगदी नेमाने, आतल्या बाजूला जायला लागली.

मी घट्ट धरली. का ते माहीत नाही. माझी बोटं पांढरी पडली होती. पलीकडून कुणी हिसका देत नव्हतं. नुसतं धरलं होतं, वाट बघत.

मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात ऊन होता.

"सोड ना रे," ती म्हणाली. "धरलीय त्यांनी."